एकतीस हातांचा दोर

सोनखळी गावच्या ओढ्याकाठी, करंजाच्या झाडाखाली निवांतनाथ महाराज मुक्कामाला होते, त्या वर्षीची ही गोष्ट. भाविकहो, महाराजांना कधी कुणी घाईत पाहिले नाही, आणि हसण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता.

त्याच गावात सुभाना हा दोर वळणारा राहत असे. त्याचा दोर म्हणजे दोर! पण दोन वर्षांपूर्वी त्याची कंबर धरली ती सुटलीच नाही. लेप झाले, काढे झाले. दुखण्याने आधी अंग धरले, मग मन. भिंतीकडे तोंड करून तो दिवसच्या दिवस पडून राही. बायको गिरजा उशाशी भाकरी ठेवी, ती तिथेच वाळे. ना ताप, ना जखम. दुखणे कुणाला दिसत नव्हते, हेच त्याला अधिक दुखे.

रंगराव पाटलांना तर ते अजिबात दिसत नव्हते. साठी उलटली तरी शिंक म्हणून माहीत नाही, याचा त्यांना कोण गर्व! "कंबर दुखती म्हनं! कामचुकारपणा हाय समदा," ते भर चावडीवर म्हणाले. "येत्या पाडव्याला गावच्या विहिरीला पन्नास हात नवा दोर पायजे. न्हाई दिला, तर गावचं दोराचं काम दुसऱ्याकडं जाईल." पाडव्याला पन्नास दिवस उरले होते.

गिरजा रडत महाराजांकडे गेली. महाराज लगेच आले आणि सुभानाच्या खाटेपाशी जमिनीवरच बसले.

"महाराज, मी संपलेला मानूस हाय," सुभाना भिंतीशीच बोलला. "एक हात दोरसुदिक व्हनार न्हाई माझ्यानं."

"एक हात? मग तेवढाच वळू," महाराज म्हणाले. "पीळ द्यायचे चाक मी फिरवतो. फुकट नाही हं, गिरजामाईच्या ताकावर! बऱ्या दिवशी एक हात, त्यावर बोटभरही नाही. वाईट दिवशी काहीच नाही, नुसते माझ्या सोबतीला अंगणात येऊन बसायचे."

आणि खरेच, महाराज रोज सकाळी चाकाशी बसू लागले. घायपाताच्या पानांचे तंतू, म्हणजे वाख, हातात धरून, पीळ भरेल तसे उलट पावलांनी मागे सरकत सुभाना एक हात दोर वळी. सातव्या दिवशी त्याला इतके बरे वाटले, की महाराज ओढ्यावर गेल्यावर त्याने गिरजेला चाकाशी बसवून आणखी पाच हात वळले. दुसऱ्या दिवशी उठता येईना. चार दिवस तो पडून राहिला. आता महाराज रागावणार, या धास्तीने त्याने तोंडावर घोंगडे ओढले.

महाराज तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे खादाडा! देवाने एक बरा दिवस वाढला, तर पुढचे चार त्यातच ओरपलेस की!" मग त्याला अंगणात बसवून त्यांनी त्याच्याकडूनच जास्तीचे पाच हात उकलून घेतले. पाटील नेमके वाटेने चालले होते. "वळलेला दोर उकलत्यात! गुरू तसा चेला!" ते खो खो हसले. गंमत अशी, की दोन वर्षांत पहिल्यांदा सुभानालाही हसू आले. गिरजेने ते चुलीपाशी ऐकले आणि तिची भाकरी तव्यावर करपली.

पाडवा उगवला. पन्नास दिवसांतले एकोणीस दुखण्यात गेले होते. दोर भरला एकतीस हात. कमी पडणार हे ठाऊक असूनही, दोन वर्षांनी प्रथमच, सुभाना तो खांद्यावर टाकून विहिरीवर गेला. सोबत महाराज होते.

"एकतीस?" पाटलांनी दोर सगळ्यांसमोर मोजून घेतला. "बांध आता गुढीला!" बाजारातून आणलेला जाडजूड दोर त्यांनी रहाटाला लावला. "ह्याला म्हंत्यात दोर! हत्ती टांगा!" आणि हत्ती मिळेना म्हणून स्वतःच त्याला लोंबकळले.

दोर मधोमध तुटला. पाटील विहिरीत!

पडता पडता त्यांच्या कमरेत अशी उसण भरली, की पट्टीचे पोहणारे असूनही पाय हलेना. खालच्या दगडांतून निघालेली पिंपळाची मुळी धरून ते ओरडत होते, "सुटतोय रं! मुळी सुटतीय!" तुटका दोर निम्म्यापर्यंतही पोचेना.

सुभानाने आपल्या दोराला काखेत अडकेल असा फास केला. "महाराज, एकोणीस हात कमी हाय ओ!"

"तू सोड तर खरा," महाराज म्हणाले.

त्याने दोर सोडला. दोर खाली गेला, जातच राहिला. पाटलांच्या काखेत फास बसला, तरी वर माणसांना धरायला दोर शिल्लक! धावून ओढायला निघालेल्या सुभानाला महाराजांनी दंडाला धरून खाली बसवले. "तुझे आजचे काम झाले." दहा जणांनी पाटलांना वर काढले. मग कुणीतरी दोर मोजला. तो एकतीस हातच होता!

सुभानाने तो स्वतः पुन्हा मोजून पाहिला. महाराज त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "बाळा, जे एकोणीस दिवस तू नुसता बसलास नाहीतर पडून राहिलास, ते दिवस चाकाशी पांडुरंग होता. तुला वाटले, ते दिवस वाया गेले."

सुभाना ओक्साबोक्शी रडला, आणि रडून हलका झाला.

पाटील जमिनीवर विव्हळत होते. कूस बदलायला गेले की किंचाळत होते. "सुभाना... आसं रोज दुखायचं तुला?"

"आजबी दुखतंय, पाटील."

पाटलांनी मान खाली घातली. मग ते कसेबसे गुडघ्यांवर आले आणि महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि सुभानाकडे बोट दाखवले. गावचा पाटील दोर वळणाऱ्यापुढे वाकला, कपाळ मातीला लागले, आणि कंबर तिथेच धरली! उठता येईना.

"घाई करू नगा," सुभानाने त्यांच्या काखेत हळूच हात घातला. "आदी एक हात टेका. बास. आज येवढंच."