लेकरांच्या शेताचा दरवाजा

अहो, कडीला हात लावू नका. कुलूप नाहीये, ढकललंत तर दरवाजा उघडेल, पण आधी ऐकून घ्या. मग मीच उघडून देते. आणि ताई, ती छत्री मिटा बघू. इथला वारा छत्रीला जुमानत नाही, उगाच काड्या मोडतील.

मी अपोलिन, मूळची वसईची. नर्स म्हणून आयर्लंडला आले, या दूनवारा गावातल्या कॉर्मक नावाच्या कोळ्याशी लग्न केलं आणि इथलीच झाले. आता गावात माझ्याहून म्हाताऱ्या दोघी-तिघीच उरल्यात, त्यामुळे मराठी पाहुणे आले की सगळे त्यांना माझ्याकडे पाठवतात. तुम्ही मघाशी विचारलंत ना, की हे कसलं शेत, ज्यात ना बटाटा ना गवताची गंजी, नुसते पांढरे दगड? तर ही मुलांची दफनभूमी आहे. इथले लोक 'किलीन' म्हणतात. प्रत्येक दगडाखाली एक लेकरू आहे. नाव नाही, क्रूस नाही. आणि गावचा रिवाज असा की कुठलाही फादर हा दरवाजा स्वतःच्या हाताने उघडत नाही. बिशप आले तरी नाही. ते असं का, ते सांगते.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि कॅथलिकांच्या मिस्सेला, म्हणजे वेदीपुढच्या सामुदायिक उपासनेला, बंदी होती. देवळं काढून घेतलेली, फादर लोकांच्या मागे शिपाई लागलेले. जमीन गेली होती, शाळा गेल्या होत्या, मुलांच्या तोंडून त्यांची भाषाही हळूहळू जात होती. मग माणसाकडे काय उरतं सांगा? धर्म उरला, तो त्यांनी घट्ट धरून ठेवला. त्या समोरच्या उतारावर सपाट खडक दिसतोय? तीच त्यांची वेदी. पावसात, बर्फात लोक तिथे गुडघे टेकून मिस्सा ऐकायचे आणि एक जण टेकडीवर पहाऱ्याला बसायचा. पकडले गेले तर फादर मरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा माणसाचा शब्द गावाने कसा मोडायचा? फादर म्हणतील तेच खरं, असं होऊन बसलं होतं.

त्या वेळी इथे फादर फिंटन होते, असं सांगतात. वयाने तरुण, स्पेनमध्ये शिकून आलेले, आणि नियमाला अतिशय कडक. राहायचे कुठे, तर खाली समुद्राकाठच्या गुहेत. लोक चोरून भाकरी, मासे पोहोचवायचे.

आता एक समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा व्हायला हवा. डोक्यावर पाणी ओतून, चार शब्द म्हणून त्याला देवाच्या पदरात घालायचं. बाप्तिस्म्याआधीच मूल गेलं, तर त्याला पवित्र मातीत जागा नाही. असं लेकरू ना स्वर्गात जात, ना नरकात, मधेच कुठेतरी अंधारात राहतं, असं तेव्हा शिकवायचे. त्याच्यासाठी मिस्सा नाही, घंटा नाही. मयताला इथल्या बायका सूर धरून, हेल काढून रडायच्या, पण अशा मुलासाठी रडायचीही मुभा नव्हती. बाप एकटाच खोकं काखेत मारून यायचा, इथे गावाच्या हद्दीवर खड्डा करायचा, वर पांढरा दगड ठेवायचा आणि घरी जाऊन कामाला लागायचा. आईने यायचं नाही. नंतर त्या मुलाचा विषयसुद्धा काढायचा नाही.

तसं धर्मात संकटाची सोय आहे. मूल जगणार नाही असं वाटलं, तर घरचं कुणीही पाणी ओतू शकतं. आमच्या वसईत सुईणींना हे शिकवूनच ठेवायचे. पण एका साली झालं काय, की थंडीत पाणी गोठलं म्हणून एका सुईणीने दुधाने बाप्तिस्मा उरकला. शब्दही भलतेच म्हटले. फादर फिंटनना कळलं तेव्हा ते खडकावर उभे राहून कडाडले म्हणे. "आजपासून कुणी स्वतः पाणी ओतायचं नाही," ते म्हणाले. "मला बोलवा. दिवस असो, रात्र असो, समुद्र खवळलेला असो. मी येईन. देवासमोर शब्द देतो."

शब्द देणं सोपं असतं हो.

गावात गोबनत नावाची बाई होती. दोनल तिचा नवरा. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन गेली, तेव्हा कुठे तिची कूस उजवली. मूल झालं ते अगदी एवढंसं, निळसर, रडलंही नाही धड. सासूने ओळखलं. दोनलला तिने गुहेकडे पिटाळलं, वाटीत पाणी घेतलं आणि सुनेच्या उशाशी आणून ठेवलं.

दोनल किनाऱ्यावर पोहोचला तर तिथे शिपायांनी तळ ठोकलेला. गुहेपाशी जाणं शक्यच नव्हतं. मग त्याने कड्यावर आडवं पडून समुद्रपक्ष्यासारखी हाक घातली. ती गावची खूण होती, फादरना बोलवायची. एकदा घातली, पुन्हा घातली. कड्याच्या मागच्या अंगाने एक चोरवाट वर येते, अजून आहे, तिथून फादर येऊ शकले असते.

इकडे सासू म्हणत होती, "पोरी, वेळ नाही आता. ओत पाणी. मी ओतते, थांब."

गोबनतने सासूचा हात धरला. "नको आई. फादर येतो म्हणालेत. आपण चुकीचं काही केलं तर बाळाचं वाटोळं होईल. येतील ते."

पाण्याची वाटी हाताशी ठेवून ती वाट बघत बसली. आणि बाळ तिच्या मांडीवर गेलं. मी नर्स म्हणून जन्म घालवला, पुष्कळ मरणं बघितली, पण ही वाटी काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

फादर फिंटन दुसऱ्या दिवशी आले. शिपाई हलल्यावर. हाक त्यांनी ऐकली होती. ऐकून ते गुहेत तसेच बसून राहिले, कारण त्यांना भीती वाटली. कुणी म्हणतं हे लोकांनी मागाहून रचलं, पण गावात हे असंच सांगतात आणि मीही असंच सांगणार.

गोबनतने त्यांच्याकडे एकच मागितलं. बाळाला जुन्या मठाच्या पवित्र दफनभूमीत, तिच्या आईशेजारी, हातभर जागा द्यावी. एकटं हद्दीवर टाकू नये.

फादर म्हणाले, "नियम नाही."

"पाणी माझ्या हाताशी होतं, फादर," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात म्हणून मी थांबले."

 फादरांचा चेहरा पांढराफटक पडला म्हणे. पण नियम त्यांनी सोडला नाही. दोनल दिवस मावळताना खोकं घेऊन निघाला, आणि रिवाज मोडून गोबनत त्याच्या मागोमाग इथे आली.

त्या दिवसापासून तिने मिस्सा सोडली. रविवारी सगळं गाव त्या खडकाशी जमायचं आणि ही बाई इथे, या भिंतीवर येऊन बसायची. बघा, इथून खडक समोरच आहे. फादर वेदीपाशी उभे राहून हात वर करायचे, तेव्हा त्यांना माणसांच्या डोक्यांवरून ती दिसायची. दर रविवारी. गावातल्या लोकांनी तिला टाकल्यातच जमा होतं. बायका रस्त्यात भेटल्या तर शाल ओढून पुढे जायच्या. तिच्याशी बोललं तर आपलंही तोंड उघडेल, ही भीती असणार. कारण या दगडांखाली प्रत्येकीचं कुणी ना कुणी होतं.

असाच एक रविवार होता. टेकडीवरचा पहारेकरी समुद्राकडे बघत राहिला आणि शिपाई या मागच्या रस्त्याने आले. ते कुणाला दिसले? एकट्या गोबनतला. ती भिंतीवर बसलेली होती.

आता विचार करा. तिने काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवून तिने लेकरू घालवलं, तो माणूस आपोआप पकडला गेला असता, आणि तिला कुणी दोषही दिला नसता. तिच्या मनात काय आलं असेल ते देवाला ठाऊक. सांगतात ते इतकंच, की ती थोडा वेळ बसून राहिली. मग उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

लोक पांगले. फादर उताराने खाली धावले. एक गोळी त्यांच्या पाठीत बसली, तरी ओढा ओलांडून, झुडपांतून सरपटत ते या भिंतीपाशी येऊन पोहोचले. तेव्हा दरवाजा नव्हता, भिंतीत नुसती फट होती. पण ते आत शिरले नाहीत. भिंतीला धरून बाहेरच उभे राहिले आणि तिला म्हणाले, "येऊ का आत?"

गोबनत भिंतीवरून आत उतरली आणि फटीत उभी राहिली. शिपायांचे आवाज जवळ येत होते. फादर पुन्हा म्हणाले, "बाई, मी हाक ऐकली होती. मी भ्यालो. तू नको म्हणालीस तर मी इथूनच परत फिरतो."

तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना आत घेतलं. दगडांमध्ये आडवं केलं, वर आपली शाल टाकली. त्यांनी बाळाचं नाव विचारलं. बाप्तिस्मा नाही तर नाव कुठलं? पण तिने मनातल्या मनात ठेवलं होतं, कुठली आई ठेवत नाही? ते तिने वाकून त्यांच्या कानात सांगितलं. काय सांगितलं ते आजतागायत कुणाला माहीत नाही. फादर म्हणाले, "मला मठात नेऊ नका. ही लेकरं बाहेर राहणार असतील तर माझी जागा यांच्यात आहे." आणि थोड्याच वेळात त्यांचा प्राण गेला.

शिपाई रस्त्यावर येऊन ठेपले होते. फादरांचं प्रेत त्यांच्या हाती लागलं असतं तर त्यांनी ते बाजारात टांगलं असतं. गावातल्या बायका झुडपांआडून बघत होत्या. त्यातली एक पुढे झाली, मग दुसरी. बघता बघता सगळ्या बायका भिंत ओलांडून आत आल्या, शालीभोवती बसल्या आणि मूल पुरायला आल्यासारखं सोंग करून रडायला लागल्या.

पण सोंग कुणालाच जमलं नाही. कुणाचं दहा वर्षांपूर्वीचं होतं, कुणाचं गेल्या हिवाळ्यातलं. नवऱ्याने ते कुठल्या दगडाखाली ठेवलं हेही बहुतेकींना माहीत नव्हतं. आयुष्यभर गिळलेलं रडू एकदम बाहेर पडलं. इथे, याच मातीवर, त्यांनी हेल काढून असा आक्रोश केला की पलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणे. कुणी कुठलाही दगड छातीशी धरला. शिपायांचा नायक फटीपर्यंत आला, त्याने टोपी काढली आणि माणसं घेऊन परत गेला. त्यालाही आई असेलच की. बायका मात्र तो गेल्यावरही थांबल्या नाहीत.

फादर फिंटनना इथेच पुरलं. कुठे ते विचारू नका, त्यांच्यावरही तसाच एक बिननावाचा दगड आहे.

तेव्हापासून रिवाज पडला. गावात नवा फादर आला की आधी देवळात जायचं नाही. या भिंतीपाशी येऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "येऊ का आत?" आत कोण असतं? जिचं लेकरू गेलंय अशी गावातली एक आई. ती आपल्या मुलाचं नाव त्याच्या कानात सांगते आणि हात धरून त्याला आत घेते. ते नाव त्याने पुढे कधी उच्चारायचं नाही.

पुढे राज्य बदललं आणि इथल्या चर्चची सत्ता इतकी वाढली की शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा, कुणी कुणाशी लग्न करायचं तेही तेच ठरवणार. किती पोरींना रडवलं त्यांनी, ते मी या देशात नर्स होते म्हणून सांगू शकते. या गावातही असा एक ताठ फादर आला होता, मी यायच्या आधी. म्हणाला, असल्या अडाणी प्रथा मी मानत नाही, आणि थेट देवळात गेला. रविवारी बघतो तर समोर नुसते पुरुष. सगळ्या बायका इथे भिंतीवर ओळीने बसलेल्या, भर पावसात. पुढच्या रविवारी तेच. शेवटी आला बिचारा, भिजत उभा राहिला.

आता देवळं रिकामी पडायला लागलीत. तरुण मुलं मिस्सेला येत नाहीत, आणि मी त्यांना बोल लावत नाही. चर्चनेच आता सांगितलंय की ती लेकरं अंधारात नाहीत, देवापाशी आहेत. सांगायला किती उशीर केला, नाही का? पण नवा फादर यायचा म्हटलं की आजही सगळं गाव इथे लोटतं. देवाला न मानणारेसुद्धा येतात, टोप्या काढून उभे राहतात.

मागच्या खेपेला नायजेरियाचा एक तरुण फादर आला. थंडीने कुडकुडत त्या तिथे उभा राहिला आणि त्याने विचारलं, "येऊ का आत?" त्या दिवशी दरवाजाच्या आत मी होते.

असं बघू नका माझ्याकडे. त्या कोपऱ्यातला तो दगड माझ्या मुलीचा आहे. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी ती मेलेलीच जन्मली. कॉर्मकने तिला एकट्याने इथे आणून ठेवलं आणि घरी येऊन जाळं विणायला बसला. आम्ही दोघं तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. अगदी तो जाईपर्यंत नाही.

मी लगेच हो म्हटलं नाही त्या फादरला. जरा उभा ठेवला. मग दरवाजा उघडला आणि वाकून त्याच्या कानात तिचं नाव सांगितलं. तोपर्यंत ते मी स्वतःसुद्धा कधी मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं.