तीन दिवसांचा मंडप

एका राज्यात मुलांचे हात लाकडाचे होत चालले होते. आधी बोटं, मग मनगट, मग कोपर. लाकूड छातीशी पोचलं की मुलाची बाहुली होई, आणि आईनं कितीही हलवलं तरी ती हलत नसे.

राजा धवलसेनाचा एकुलता मुलगा झोपाळ्यावरून पडून गेला होता. राजानं दुःखाच्या भरात जादूगाराला बोलावलं. म्हणाला, "माझं लेकरू खेळता खेळता गेलं. यापुढे या राज्यात कुणाचंच लेकरू खेळायचं नाही." जादूगारानं मंत्र घातला आणि त्याच वर्षी तो मेला. मंत्र कसा उतरवायचा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. राज्यातली सगळी खेळणी तळघरात गेली आणि दाराला कुलूप लागलं.

त्याच नगरात सारजा नावाची बाई लग्नकार्याचे मंडप बांधायची. तिच्या सहा वर्षांच्या बनीला लाकूड कोपरापर्यंत चढलं होतं. सारजा घटकेघटकेला तिची बाही वर करून बघे.

"आई, आत्ताच तर बघितलंस ना गं!" बनी म्हणे.

एका सकाळी कुंपणावर तांबट पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"बाई, तीन कामं आहेत. पहिल्या दिवशी मुलांसाठी मंडप उभा कर. दुसऱ्या दिवशी मुलं त्यात आपल्या मनानं खेळली पाहिजेत. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत मंडप सोड. मात्र शेवटची गाठ राजानं सोडायची. नाही सोडली, तर उरलेली सगळी मुलं त्याच क्षणी बाहुल्या होतील."

सारजा राजाकडे गेली.

"महाराज, तीन दिवस मैदान द्या."

"कशाला?"

"माझी मुलगी वाचवायला."

राजानं कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. मग म्हणाला, "घे. तळघराची किल्ली मात्र मागू नकोस."

"खेळणी नकोत, महाराज. बांबू, कापड, सुंभ माझ्याजवळ आहे."

तिनं एका दिवसात मंडप उभा केला. मंडप सुरगाठीनं बांधायचा, ही त्या धंद्यातली रीत. उद्या सोडायचाच असतो ना तो! पण सारजाच्या डोळ्यांपुढून पडलेला राजपुत्र हलेना. एखादा बांबू निसटला आणि कुणाच्या डोक्यात बसला तर? तिनं जन्मात पहिल्यांदा निरगाठी मारल्या, एकीवर एक, तीन तीन.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. नगरात हलतीचालती अशी चौदाच उरली होती. ती आत येऊन नुसती उभी राहिली. काही ओढता येईना, काही हलवता येईना.

"मावशी, इथं करायचं काय?" एकीनं विचारलं.

"बघायचं. हळू हं, पडाल."

दुपार झाली. बनीचं लाकूड दंडावर चढलं.

तांबट म्हणाला, "बाई, मंडप बांधलास की पिंजरा?"

सारजा रडत उठली. गाठी सुटेनात, तेव्हा दातांनी ओढल्या, कोयत्यानं तोडल्या. चार खांब आणि वरचं छत तेवढं सुरगाठीनं बांधून ठेवलं. बाकी बांबू, कापडं, दोर मुलांपुढे टाकले.

"घ्या. तुम्हाला हवं ते करा."

आणि ती लांब जाऊन स्वतःच्या हातांवर बसली, उठून धावू नये म्हणून.

मुलांनी कोपरांनी ढकलत होडी केली. कापडाचा हत्ती केला, त्याला दोन सोंडा झाल्या म्हणून भांडली. बनी बांबूवर चढली आणि धपकन पडली. सारजा अर्धी उठली, परत बसली.

"लागलं नाही, आई! थोडंसंच लागलं!"

संध्याकाळी सारजानं बाही वर केली. लाकूड होतं तिथंच थांबलं होतं.

तिसऱ्या दिवशी मंडपात मुलं चौदा होती, पण हसू पंधरा मुलांचं ऐकू येत होतं. राजवाड्यात राजानं ते पंधरावं हसू ओळखलं. तो अनवाणी धावत आला आणि खांबाला धरून ऐकत उभा राहिला. ऊन उतरू लागलं. सारजानं एकेक गाठ सोडली. एकच उरली.

"महाराज, ही तुमची."

"एक दिवस थांब, बाई. फक्त एक दिवस. तुला लेकरू आहे, तुला कळतं."

"कळतं, महाराज. म्हणूनच मागते. सूर्य बुडाला तर ही चौदाही जातील."

"मी गाठ सोडली तर तो जाईल."

"होय."

तेवढ्यात छताखालून आवाज आला. "बाबा, मी दमलो."

राजानं दोराचं टोक धरलं आणि ओढलं. गाठ एका ओढीत सुटली. छत हळूच खाली आलं, आणि पंधरावं हसू थांबलं.

चौदा मुलांच्या हातांना बोटं फुटली. घराघरांतल्या बाहुल्या उठून बसल्या आणि भूक लागली म्हणाल्या. सारजानं बनीचा हात दोन्ही हातांत घेतला. तो ऊन होता, घामेजलेला होता.

राजा मातीत बसून होता. बनी हात सोडवून त्याच्याकडे गेली.

"तो तुमचा होता ना? चांगला खेळायचा हो."

"काय खेळत होता?" राजानं विचारलं.

"होडी-होडी. आत नाही बसायचा. मागून ढकलायचा."

"अजून सांग."

बनी त्याच्याशेजारी बसली आणि सांगत राहिली. सूर्य बुडाला, घरोघर दिवे लागले, तरी सारजा तिला चल म्हणाली नाही.