तिळाएवढं लोखंड

ठासणीच्या बंदुका होत्या तेव्हाची गोष्ट. यमुना लोहारीण बंदुकीचा घोडा आणि चाप जुळवायला नव्यानेच शिकत होती. तिची कानसही कोरीच होती. घोडा ज्या खाचेत अडकतो, ती खाच यमुनेने कानशीने घासघासून गुळगुळीत केली.

“बघा, कशी चकाकतेय!” कानस म्हणाली.

“म्हणूनच मी तिच्यात अडकून राहत नाही, पोरी,” घोडा म्हणाला आणि चाप न ओढताच खाडकन पडला. “बंदूक भरलेली असती तर?”



यमुनेने नवी खाच पाडली, तिला दिव्याची काजळी फासली आणि घोडा चढवून पाहिला. घोडा जिथे घासला, तिथलीच काजळी पुसली गेली. कानस तेवढ्याच जागी तीनदा फिरली. आता घोडा चढला की चाप ओढेपर्यंत हलेना.

“मी आज अख्खा फाळ ठोकला. तू काय केलंस?” ऐरणीवरच्या हातोड्याने कानशीला विचारले.

“तिळाएवढं लोखंड काढलं,” कानस ताठ मानेने म्हणाली, “आणि थांबले.”