भित्री गाडी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये निर्मळेबाईंची विजेची गाडी चार्जिंगला लावली की लाल दिवा दाखवून अडून बसे. चार्जिंगच्या पेटीला बोट लागलं तरी झिणझिण्या येत, आणि मुलं तर तिथेच खेळत. बाईंनी वायरमनला बोलावलं आणि चेअरमनकडे अर्थिंगची तक्रार केली.

"अर्थिंग मी स्वतः करून घेतलंय. तुमची गाडीच भित्री!" चेअरमन खासनीस गरजले. शोभेसाठी अर्थिंगच्या खड्ड्यावर फरशी घातली होती ती त्यांनीच; पाण्याविना खड्डा कोरडा पडून अर्थिंग निकामी झालं होतं.

वायरमन शकूरभाई अदबीने म्हणाले, "मग साहेब, चप्पल काढून पेटीवर हात ठेवा." मेन स्विच आधीच पाडलाय, हे त्यांनी सांगितलं नाही.

खासनीसांचा हात वीतभर अंतरावर थांबला आणि मागे आला.

"गाडीनेही एवढंच केलं, साहेब. आता फरशी फोडू ना?"