डोळ्यांच्या टाक्यात उलटं का उतरतात

इथंच थांबा. पुढं पायऱ्या आहेत, आणि तिसऱ्या पायरीवर तुमचे पाय आपोआप थांबणारच आहेत, तेव्हा आधीच थांबलेलं बरं.

हे धामणदऱ्याचं टाकं. अखंड कातळात खोदलेलं, अकरा पायऱ्यांचं, भर वैशाखातही न आटणारं. समोरच्या भिंतीवर, पाण्याच्या वर पुरुषभर उंचीवर, ते दोन डोळे बघा. एकेक डोळा परातीएवढा. भोवती चुन्याचं पांढरं कडं, आत काजळीचं काळं बुबुळ. भुवई नाही, नाक नाही, तोंड नाही, नुसते डोळे. दरवर्षी पाडव्याला वरून दोर सोडून, बाजूनं लोंबकळत, आम्ही चुना आणि काजळी नव्यानं भरतो. समोर उभं राहून भरायची कुणाची छाती होत नाही.

मी बाबू झोरे. सत्तर उन्हाळे हे पाणी प्यालो, पण खोटं कशाला बोलू, अजून अंगावर काटा येतो. मागं एक प्राध्यापक आले होते. म्हणाले, आजोबा, रोखून बघणाऱ्या डोळ्यांची भीती माणूस आईच्या पोटातूनच घेऊन येतो, ती शिकवावी लागत नाही. मी म्हटलं, असेल बुवा, तुम्ही शिकलेले. पण आमच्या ठकीची लेक पोटातून काय घेऊन आली होती, तेही ऐका. मग ते वही काढून बसले. तुम्ही नुसते बसलात तरी चालेल.

फार जुनी गोष्ट. किती पिढ्यांची, ते आमच्यात कुणाला सांगता येत नाही. तेव्हा इथं धनगरांची सात घरं होती असं सांगतात, आणि उन्हाळ्यात पाणी एवढंच. दुसरं पाणी खाली नदीच्या डोहात, दीड कोसावर. एका उन्हाळ्यात या टाक्यावर वाघ येऊन बसू लागला. आधी एक वासरू गेलं, मग दोन म्हशी, मग पाण्याला वाकलेला एक बाप्या माणूस. त्याचं नुसतं पागोटं सापडलं म्हणे.

आता रानात राहणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. वाघ मागून झडप घालतो. डोळ्याला डोळा भिडला तर बिचकतो. म्हणून वाडीचा कारभारी कोंडीबा, त्यानं डोकं चालवलं. खालच्या गावाहून खंडू पाथरवटाला बोलावलं आणि सांगितलं, या भिंतीवर डोळे काढ, रात्रंदिवस पाण्याकडं बघत राहतील असे.

खंडू जागा बघून आला. मग म्हणाला, "कोंडीबा, डोळा आपला-परका वळखत न्हाई. त्यो समद्यांकडंच बघनार."

"वाघाची आन् मानसाची अक्कल एकच हाय व्हय?" कोंडीबा हसला. "आमाला ठावं हाय का न्हाई, दगड हाय म्हून? तू काढ."

खंडूनं डोळे काढले. खाचेत भरायला चुना लागला, काजळी लागली. ती काजळी घोटून दिली कोंडीबाच्या सुनेनं, ठकीनं. ती पहिलटकरीण, लेक तीन महिन्यांची होती. लेकीला मांडीवर घेऊन ती तेलात काजळी घोटत बसायची म्हणे, आणि उरलेली बोटाला लागलेली काजळी पोरीच्या डोळ्यांत घालायची. खंडूनं बुबुळं सगळ्यात शेवटी भरली, तीही तोंड फिरवून, आणि भरल्याबरोबर गाठोडं उचलून तो उतरून गेला. जेवायलाही थांबला नाही.

वाघ परत आला नाही. वाडीनं देवाला नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी गुरं टाक्यापर्यंत आली आणि अडली. म्हशींनी माना वर केल्या, डोळे फिरवले आणि मागं सरल्या. ओढलं, मारलं, काही होईना. बरं, गुरं ती गुरं. पण मग पाण्याला गेलेल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत आल्या. मग बाप्ये निघाले, आणि एकेकाची कारणं सुरू झाली. एकाच्या पायात काटा मोडला, एकाची कंबर धरली, एकाला वाटेत शकुन वाईट झाला. नाचता येईना अंगण वाकडं. 'मला दगडाची भीती वाटली' एवढं एक वाक्य सात घरांतल्या एकाही गड्याच्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर सगळे मिळून काहीतरी तोड काढते. पण ज्याला त्याला वाटत होतं, भ्यालेला मी एकटाच. डोळे पुसावेत म्हटलं तर कोणीतरी समोर जायला हवं, आणि पुसले तर वाघ परत यायचा. दोन गडी नदीच्या डोहाकडं गेले ते धावतच माघारी आले. इथून हुसकलेला वाघ तिथं जाऊन बसला होता.

चौथ्या दिवशी घरातल्या डेऱ्यांचे तळ कोरडे झाले. आणि ठकीचं दूध आटलं.

पोर छातीला लागायची, ओढून ओढून दमायची आणि रडायची. सासूनं स्वतःच्या वाटणीचं शेवटचं ओंजळभर पाणी सुनेला पाजलं, पण तेवढ्यानं काय होतंय? दुपारपर्यंत पोरीचं रडणं बारीक होत गेलं. मोठ्यानं रडणारं मूल परवडलं, बारीक रडणारं नाही, हे कुठल्याही आईला विचारा.

ठकीनं पोरीला टोपलीत घातलं, टोपली डोक्यावर घेतली, घागर काखेला लावली आणि भर उन्हात निघाली. सासरा म्हणाला, "कुठं निघालीस?"

"पान्याला," ती म्हणाली. "काजळी मीच घोटलीया, मामंजी. मला कशाची भीती?"

तिला खरंच तसं वाटत होतं असं सांगतात. चुना कुठला, तेल कुठलं, तिला सगळं माहीत. पण इथं, तुम्ही उभे आहात तिथं आली, पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली, आणि तिसरीवर तिचे गुडघे धरले. मनात ती म्हणत होती, दगड आहे, मी घोटलेली काजळी आहे. पाय ऐकेनात. डोळे मिटून पाहिलं, तर वाटलं आता ते जवळ आले. ती घामानं भिजून वर आली, टोपली खाली ठेवली आणि रडायला बसली. पाणी अकरा पायऱ्यांवर, त्याचा वास येतोय, आणि लेक तिथंच मरणार.

तेवढ्यात पोरीचं रडणं थांबलं.

ठकी धडपडत टोपलीशी गेली. तिला वाटलं, संपलं. तिनं टोपलीत पाहिलं. टोपली दगडाला टेकून कलती झाली होती, पोरीचं तोंड टाक्याकडं झालं होतं, आणि पोर त्या डोळ्यांकडं बघून हसत होती. बोळक्या तोंडानं, हुंकार देत, जसं घरात आईचं तोंड वाकलं की हसायची तसं.

ठकीची भीती गेली का? नाही. पण तिला वाटलं, मला जे दिसतंय तेच हिलाही दिसतंय, आणि ही हसतेय. तिनं टोपली तशीच वर ठेवली, डोळ्यांकडं पाठ केली, पोरीच्या तोंडावर नजर ठेवली आणि एकेक पायरी उलटी उतरू लागली. पोर हसत होती तोवर पाय पडत होते. चार झाल्या, पाच झाल्या.

सहाव्या पायरीवर पोरीचं हसू गेलं. ओठ वाकडे झाले, हनुवटी थरथरली.

ठकी थिजली. मागं काय आहे? पोरीला काय दिसलं? वाघ आला? की डोळे हलले? मान वळवायची हिंमत नाही, वर पळावं तर घागर रिकामी. किती वेळ उभी राहिली कोण जाणे. मग तिला समजलं, पोर तिच्या मागं बघतच नव्हती. ती आईकडं बघत होती. आणि आईचं तोंड त्या वेळी कसं झालं असेल, ते तुम्हीच मनात आणा.

तेव्हा ठकी हसली. दातखीळ बसायची वेळ, मानेवर ते दोन डोळे, आणि ही बाई ओठ ताणून हसली. पोर क्षणभर बघत राहिली आणि तीही हसली. मग सातवी पायरी, आठवी, नववी. ठकी उलटीच पाण्यापर्यंत गेली, न बघता घागर बुडवली, ओंजळीनं प्याली, आणि सगळा वेळ हसत राहिली. वर आल्यावर तिला भडभडून ओकारी झाली म्हणे. तिन्हीसांजेला तिला पान्हा फुटला.

दुसऱ्या दिवशी तिनं सात घरांच्या देखत सांगितलं, "मला लई भ्या वाटलं." मग एकेक गडी खाली मान घालून 'मलाबी' म्हणाला. वर ही दगडी डोणी कोरली ती तेव्हापासून. गुरांना इथंच पाणी ओततात.

आजही या टाक्यात कुणी एकटं उतरत नाही. घरात पाण्याचा नळ आला, तरी लग्नाला आणि बारशाला पाणी इथलंच लागतं. उतरणारा उलटा उतरतो आणि एक जण वर उभा राहून त्याच्याकडं बघून हसतो. हसणाऱ्याला समोरचे डोळे दिसत असतात, पण पाणी वर येईपर्यंत त्यानं तोंड पाडायचं नाही. पोर नेमकी कुणाला बघून हसली, डोळ्यांना की आईला, यावर आमच्यात अजून भांडणं होतात. प्राध्यापकांनीही वही मिटली आणि म्हणाले, सांगता येत नाही.

गेल्या पौषात माझ्या बायकोचं, भागीचं, पोटाचं ऑपरेशन झालं, तालुक्याला. तिला ढकलगाडीवर आडवी घातली आणि डोकं पुढं करून दारातून आत नेली, त्यामुळं तिचं तोंड माझ्याकडं. तिचे ओठ वाकडे झाले. मी दारात उभा राहून हसलो. दार बंद होईपर्यंत हसतच राहिलो, तेव्हा तीही हसली. पट्टेवाला म्हणाला, म्हातारा भ्रमला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तुमचं हसू किती खोटं हुतं वो." मी म्हटलं, मग कळलं होतं तर तू का हसलीस? ती म्हणाली, "तुमाला भ्या वाटत हुतं म्हून."