ओवीचा समुद्र

जहाज कसलं, समुद्रावर तरंगणारं गावच ते! चंद्रकला तोंडात बोट घालून बघत राहिली. तिचा भाऊ तिथे आचारी होता, म्हणून ही सफर घडली. पण वरच्या डेकवर माणसांची दाटी, सावली एकाच कोपऱ्यात, आणि कडेवरची तान्ही ओवी उन्हाने लालबुंद झालेली.

सावलीतल्या रांगभर खुर्च्यांवर टॉवेल पसरून रायरीकर नावाचे एक साहेब एकटेच पहुडले होते.

"साहेब, बाळापुरती एक खुर्ची द्या ना."

"टॉवेल पडला की जागा आमची, बाई. एसटीत रुमाल टाकत नाही का तुम्ही?"

"टाकतो की!" चंद्रकलाने ओवीचं दुपटं साहेबांसमोरच्या कठड्यावर पसरलं. "आता हा समुद्र आमच्या ओवीचा. तुम्ही तिकडं तोंड करून बसू नका."

"अहो, एवढ्याशा बाळाला अख्खा समुद्र?"

"तुम्हाला एकट्याला अख्खी रांग लागते, साहेब. आमची ओवी एका समुद्रात भागवते."

भोवतालची माणसं खो खो हसली. साहेबांनी टॉवेल गोळा केले.

ओवी सावलीत निजली. चंद्रकलाने कठड्यावरचं दुपटं काढून तिला पांघरलं, आणि पुन्हा सगळ्यांचा झालेला तो अफाट समुद्र ती डोळे भरून बघत बसली.