डोंगर धरणारी खूण

फार जुन्या काळची गोष्ट. माणसं अजून लिहायला शिकली नव्हती, पण खुणा काढायला शिकली होती. आणि त्या काळी काढलेल्या खुणा माणसांचं ऐकायच्या. चुलीमागच्या भिंतीवर वेटोळं काढलं की ठिणगी छपराकडे उडत नसे. गोठ्याच्या दारावर डोळा काढला की बिबट्या लांबूनच वाट बदलून जाई. विहिरीच्या काठावर नागमोडी रेघ ओढली की उन्हाळ्यातही पाणी टिके.

खूण काढायला लागे फक्त पाण्यात कालवलेली तांबडी काव आणि एक बोट. अटही एकच होती. खूण एका दमात, बोट न उचलता पुरी व्हायला हवी. मध्येच रेघ तुटली, तर ती नुसती रेघ. भिंत रंगेल, पण काम होणार नाही.

एका डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. डोंगर सगळा सुट्या धोंड्यांचा. वरच्या अंगाला हत्तीएवढी एक शिळा होती, आणि बाकीचे धोंडे तिच्याच आधारानं उभे होते. त्या शिळेवर एक मोठी खूण होती. तिचं नाव ‘धीर’. ऊनवाऱ्यानं तिचा रंग विटायचा, म्हणून दरवर्षी सुगी सरली की ती नव्यानं काढावी लागे.

धीर काढणं गावात एकट्या आवडाबाईला येई. घराघरांतल्या बाकीच्या खुणाही तीच काढी. तिच्या सासूनं तिला ते शिकवलं होतं आणि बजावलं होतं, “खूण काढताना दुसऱ्याचा हात लागू देऊ नकोस. खूण बाटते.”

आवडाबाई रस्त्यानं निघाली की माणसं वाट सोडून उभी राहत. तिलाही ते आवडे. तिची धाकटी जाऊ गिरजा कधी म्हणाली, “जाऊबाई, मलाही शिकवा ना,” की ती हसून म्हणे, “तुझी बोटं भाकरी थापायला बरी आहेत.”

एके वर्षी ताक वाढताना आवडाबाईच्या हातातली पळी हिंदकळली. तिनं पाहिलं, तर उजवा हात थरथरत होता. तिनं तो चटकन पदराखाली घेतला. थंडीनं होत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. थंडी गेली, थरथर काही गेली नाही.

मग ती सगळ्यांना दूर ठेवून एकटीच खुणा काढू लागली. रेघ तुटे, ती पुसे, पुन्हा काढे. पुन्हा तुटली की तुटलेल्या जागी काव थापून देई. दिसायला खूण अगदी पहिल्यासारखी दिसे.

पण खुणा फसत नाहीत. एका घराचं छप्पर करपलं. एका विहिरीचं पाणी आटलं. आवडाबाई म्हणाली, “यंदाची कावच निकस आहे.” लोकांनी मान डोलावली.

मग गिरजाच्या गोठ्यातून बिबट्यानं वासरी उचलून नेली. गिरजानं ती वासरी हातानं दूध पाजून वाढवली होती. ती रडत आली आणि म्हणाली, “जाऊबाई, तुम्ही डोळा काढला होता ना दारावर? मग असं कसं झालं?”

आवडाबाईच्या ओठांवर खरं आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “तूच दार उघडं टाकलं असशील.”

गिरजा बिचारी विचारात पडली. टाकलंही असेल, तिला वाटलं. कितीतरी दिवस ती स्वतःलाच दोष देत राहिली, ताटावरून अर्धपोटी उठत राहिली. आवडाबाई ते पाहत होती, आणि तिच्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

सुगी सरली. धीर काढायची वेळ आली. आवडाबाई आज मुहूर्त नाही म्हणाली, मग काव भिजली नाही म्हणाली, मग पाय मुरगळला म्हणाली. शिळेवरची जुनी खूण विटत विटत फिकी झाली. डोंगरावरून खडे घरंगळू लागले. एक दिवस एक धोंडा थेट गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर येऊन आदळला आणि डोणीचे दोन तुकडे झाले.

पाटील घरी आले. “आवडाबाई, तुमच्या भरवशावर गाव निर्धास्त आहे. पण काही अडचण असेल तर सांगा. बिऱ्हाडं हलवू.”

“अडचण कसली?” आवडाबाई म्हणाली. “उद्या काढते.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कावेचं गाडगं घेऊन एकटीच डोंगर चढली. शिळेपाशी उभी राहिली, श्वास भरला आणि बोट टेकवलं. अर्ध्यावर हात उडाला. रेघ तुटली. पुसून पुन्हा काढली, पुन्हा तुटली. डाव्या हातानं काढून पाहिली, तर वळणच साधेना. शिळेच्या आतून करकर आवाज आला. वरून माती भुरभुरली.

तिनं खाली पाहिलं. अंगणात कुणी धान्य वाळत घालत होतं, पोरं विटीदांडू खेळत होती, छपरांतून धूर निघत होता. सगळं गाव तिच्यावर विसंबून होतं. ती मटकन खाली बसली.

“जाऊबाई!”

गिरजा धापा टाकत वर येत होती. हातात भाकरी बांधलेलं फडकं होतं. “न खाताच निघालात, म्हणून आले,” ती म्हणाली. मग तिला शिळेवरच्या तुटक्या रेघा दिसल्या. मग आवडाबाईचा हात दिसला. या वेळी तो पदराखाली नव्हता.

आवडाबाई म्हणाली, “गिरजे, माझा हात गेला गं. वर्ष होत आलं. तुझ्या दारावरचा डोळासुद्धा माझ्याच हातून तुटला होता. वासरी तुझ्यामुळे नाही गेली. माझ्यामुळे गेली.”

गिरजाचा चेहरा लाल झाला. “आणि मी इतके दिवस स्वतःलाच बोल लावत होते! तुम्ही बघत होतात, जाऊबाई. बघत होतात आणि गप्प बसलात!”

“बसले,” आवडाबाई म्हणाली. “आता पळत खाली जा. गाव रिकामं करायला सांग.”

पुन्हा करकर झाली. एक धोंडा त्यांच्या बाजूनं उड्या घेत खाली गेला आणि गावाच्या अलीकडे एका चरात अडकला.

“गाव रिकामं व्हायला वेळ कुठे आहे?” गिरजा म्हणाली. “तुमच्याशी मी नंतर भांडेन. आधी उठा.” तिनं आवडाबाईचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“अगं, खूण बाटेल!”

“कोण म्हणतं?”

“सासूबाई म्हणायच्या.”

“त्यांनी कधी करून पाहिलं होतं का?”

आवडाबाई उठून उभी राहिली. तिनं बोट कावेत बुडवलं आणि शिळेवर टेकवलं. थरथर होतीच, पण गिरजाच्या पकडीत ती जिरत होती. “आता वर... आता वळण... सावकाश,” आवडाबाई सांगत गेली आणि दोघींचे हात एकत्र फिरत गेले. रेघ काही सरळ आली नाही. मधे मधे फुगली, एका जागी चांगलीच वाकली. पण तुटली नाही. सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळाली.

दोघींनी वर डोंगराकडे पाहिलं.

करकर थांबली. माती भुरभुरायची थांबली. डोंगर दमलेल्या बैलासारखा जागच्या जागी बसला. कुठूनसा एक होला आला आणि शिळेच्या माथ्यावर बसून घुमू लागला.

आवडाबाई आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच करू लागली. “बाटली नाही गं! धरली! खूण धरली!” तिथेच बसून दोघींनी भाकरी खाल्ली. वर्षभरात पहिल्यांदाच आवडाबाईला अन्नाची चव कळली.

खाली येऊन तिनं पाटलांसमोर, सगळ्या गावासमोर हात पुढे केला आणि घडलं ते सगळं सांगितलं. आता लोक थुंकतील, असं तिला वाटलं होतं. ज्याचं छप्पर करपलं होतं, तो तिला खूप बोललाही. पण पाटील म्हणाले, “माझी नजर गेली तेव्हा मीही वर्षभर काठी घेतली नव्हती, बाई. खड्ड्यात पडलो तेव्हा घेतली.” लोक हसले, आणि सगळ्यांची मनं मोकळी झाली.

आवडाबाईनं आपल्या गोठ्यातली चांगली वासरी गिरजाच्या दारी नेऊन बांधली. गिरजा ठरल्याप्रमाणे भांडलीही, अगदी पोटभर. त्यानंतर रोज दुपारी अंगणात दार उघडं टाकून खुणांचे धडे सुरू झाले. ज्याला शिकायचं होतं, तो येऊन बसू लागला. आवडाबाई आता वळणं तोंडानं सांगे आणि चुकलं की रागावे. बाकी दिवसभर ती निवांत असे.

आपली उणीव लपवली तर ती सगळ्यांच्या जिवावर उठते. बोलून दाखवली तर तिला हात देणारं कुणीतरी भेटतं.